ऑपरेशनआधीचं पाणी

नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात इन्चार्ज सिस्टरनी माझ्याकडून काही वाक्यं पाठ करून घेतली होती. त्यातलं एक होतं, ‘रात्री बारानंतर काही नाही.’ ज्याचं उद्या ऑपरेशन आहे त्याच्या पोटात बारानंतर अन्नाचा कण जाता कामा नये, पाण्याचा थेंबही नाही. खाटेच्या डोक्याशी ‘एनबीएम’ची पाटी अडकवायची. तोंडावाटे काही द्यायचं नाही, असा तिचा अर्थ. मग पेशंटच्या उशाजवळचा तांब्या उचलून आमच्या टेबलाखाली नेऊन ठेवायचा आणि नातेवाइकांना थोडं दरडावून सांगायचं. वीस वर्षं मी असे तांबे उचलले.

कारण ठाऊक होतं. भूल दिल्यावर माणसाचा घसा सैल पडतो. पोटात काही असेल आणि ते वर येऊन फुफ्फुसात उतरलं तर जिवावर बेततं. कारण खरंच होतं, त्यामुळे बारा वाजताच का, हा प्रश्न कधी मनातच आला नाही. नऊ वाजता ज्याचं ऑपरेशन त्यालाही बारा आणि दुपारी दोनला ज्याचं त्यालाही बाराच.

आमचं रुग्णालय भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. ऑपरेशनं मंगळवारी आणि शुक्रवारी. सर्जन आमचेच, पण भूल देणारे डॉक्टर भंडाऱ्याहून यायचे. त्यांना आम्ही सगळे भूलवाले सर म्हणायचो. ते येईपर्यंत काहीच सुरू व्हायचं नाही.

त्या वर्षी धानाचे रोवणे, म्हणजे लावणी, आटोपल्यावर लाखांदूरच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी एसटीनं आली, सोबत सून. गर्भाशय खाली उतरलं होतं. खेड्यात त्याला अंग बाहेर येणं म्हणतात. बायका ते वर्षानुवर्षं लपवतात, तसंच हिनंही लपवलं होतं. मंगळवारच्या यादीत तिचा नंबर तिसरा लागला. पहिल्याच ऑपरेशनला उशीर झाला. मग लाइट गेली आणि जनरेटर सुरू व्हायला अर्धा तास लागला. तेवढ्यात एका अडलेल्या बाईचं अचानक सीझर करावं लागलं. दुपारचे दोन वाजले, अडीच वाजले. आजी खाटेवर बसलेली, ओठ पांढरे पडलेले, जीभ टाळूला चिकटत असल्यासारखी बोलायची.

“बाई, एक घोट. निस्ते ओठ ओले करू द्या.”

“आजी, डॉक्टर रागावतील.”

“मी सांगन त्यायले. मीच पेली म्हनून सांगन.”

मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं ती चूळ भरायला बेसिनपाशी गेली. तोंडात पाणी घेऊन ती जरा जास्तच वेळ उभी राहिली, ते माझ्या लक्षात आलं. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “थुंका.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि थुंकली.

साडेतीन वाजता सर्जननी सांगितलं, आजचं रद्द, शुक्रवारी घेऊ. मी टेबलाखालचा तांब्या काढून तिच्या हातात दिला. तिनं तो तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत काढला नाही. सुनेनं भरून आणला, तोही संपवला. मग पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “रोवन्यात आमी दिवसभर चिखलात वाकून राह्यतो बाई. पर पानी तं कोनी नाई रोकत.”

ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. शुक्रवारी तिचा नंबर पहिला लावला. ऑपरेशन नीट झालं आणि आठवड्यानं ती घरी गेली. पण ते “थुंका” माझ्या कानातून जाईना.

महिन्याभरानं जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हा नर्सेसचं एक प्रशिक्षण लागलं. विषय होता पुराव्यावर आधारित रुग्णसेवा. नाव ऐकून आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सही करायची, जेवायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, एवढंच आमच्या डोक्यात. शिकवायला एक बाई होत्या, साठीकडे झुकलेल्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी पहिल्याच तासाला सगळ्यांना कोरा कागद दिला.

“वॉर्डात तुम्ही रोज करता अशी एक गोष्ट लिहा, जी तुम्ही का करता हे तुम्ही स्वतः कधी तपासलेलं नाही.”

पाच मिनिटं कुणीच लिहिलं नाही. मग मी लिहिलं, ‘रात्री बारापासून पाणी बंद.’

बाईंनी कागद वाचला, मान हलवली आणि म्हणाल्या, “चांगला प्रश्न आहे. आता उत्तर मला विचारायचं नाही.”

पुढचे काही दिवस त्यांनी आम्हाला प्रश्न कसा विचारायचा ते शिकवलं. कोणत्या पेशंटबद्दल विचारता, त्यांना काय देता, कशाच्या ऐवजी देता आणि त्यानं नेमकं काय बदलायला हवं. हे चार तुकडे नीट मांडले नाहीत तर जगातलं कुठलंही पुस्तक तुम्हाला उत्तर देणार नाही, असं त्या म्हणायच्या. मग पुरावा म्हणजे काय, यावर आल्या.

“समजा तुम्ही शेतातल्या दोन बांध्यांमध्ये दोन वेगळी खतं टाकली,” त्या म्हणाल्या, “आणि एका बांधीत धान जोरात आलं. खतानं आलं का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “ती बांधी नहराजवळची असंल तं?”

“बरोबर! मग खतानं आलं की पाण्यानं, ते कळणार नाही. पेशंटचंही तसंच आहे. डॉक्टरांनी जर धडधाकट पेशंटला पाणी दिलं आणि अशक्तांना नाही दिलं, तर निकालाला अर्थ नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. कुणाला पाणी आणि कुणाला उपास, हे चिठ्ठी ठरवणार, डॉक्टर नाही. असे अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र करून पाहिले, की मग थोडं खात्रीनं बोलता येतं.”

मी शेतकऱ्याघरची. हे मला एका फटक्यात समजलं. कठीण होतं ते इंग्रजी. बाईंनी शोधायला शिकवल्यावर जे लेख निघाले त्यातला एकेक परिच्छेद वाचायला मला अख्खी दुपार लागायची. पहिल्याच ओळीत एक शब्द अडला, ‘इलेक्टिव्ह’. शब्दकोशात पाहिलं तर ‘निवडणुकीने ठरणारा’. ऑपरेशनचा आणि निवडणुकीचा काय संबंध, म्हणून मी बराच वेळ डोकं धरून बसले. शेवटी कळलं, आधीपासून ठरवून केलेलं ऑपरेशन.

हळूहळू अर्थ लागत गेला. ठरवून केलेल्या ऑपरेशनआधी, एरवी तब्येत बरी असलेल्या मोठ्या माणसाला दोन तास आधीपर्यंत साधं पाणी दिलं, तरी रात्रभर उपाशी ठेवलेल्या माणसापेक्षा त्याच्या पोटात जास्त काही उरत नव्हतं. जेवण मात्र सहा तास आधी बंद, दूधही जेवणातच धरायचं. हे कुणा एकाचं मत नव्हतं. भूलतज्ज्ञांच्या संघटनांनीच हे नियम लिहून ठेवले होते, आणि तेही कितीतरी वर्षांपूर्वी.

मला आनंद झाला नाही. आधी राग आला, मग लाज वाटली. कागद घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “मनासारखं सापडलं ना? आता उलट शोधा. हे कुणाला लागू नाही?”

पुन्हा बसले. आतड्याला अडथळा असलेले, कळा देणाऱ्या बाया, बरीच वर्षं शुगर असलेले, सारखं आंबट वर येणारे, अचानक कापावं लागणारे. ही यादी मी वेगळ्या पानावर उतरवली. आणखी एक गोष्ट कळली. पोटातलं फुफ्फुसात जाणं इतकं क्वचित घडतं की बहुतेक अभ्यासांनी ते मोजलंच नव्हतं, पोटात उरलेलं पाणी मोजलं होतं. बाई म्हणाल्या, “हेही लिहा. जे माहीत नाही तेही लिहायचं असतं.”

परत आल्यावर पहिल्या मंगळवारी मी धीर करून भूलवाल्या सरांकडे गेले. ते चहा पीत होते. मी सगळं एका दमात सांगितलं, कागद पुढे ठेवला आणि आता ओरडा बसणार म्हणून उभी राहिले.

“सिस्टर,” ते शांतपणे म्हणाले, “हे मला माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“एमडीला हेच शिकवतात.”

“मग सर, आपण...”

“मी भंडाऱ्याहून येतो. इथं पहिला कोण आणि तिसरा कोण, हे मला इथं आल्यावर कळतं. दोन तास आधी म्हणजे नेमके किती वाजता, हे कोण सांगणार? त्यात पाणी म्हटलं की कुणी चहा-बिस्कीट खाणार. बारा म्हटलं की विषय संपला.”

इतके दिवस मला वाटत होतं की कुणाला ठाऊक नाही म्हणून हे चाललंय. ठाऊक असूनही चालत होतं, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. यादीचा खरंच काही भरवसा नसायचा.

तेव्हा मी एक वही केली. ऑपरेशनच्या प्रत्येक पेशंटनं शेवटचं पाणी कधी प्यायलं आणि त्याला टेबलावर कधी घेतलं, एवढंच त्यात लिहायचे. कुणी बारा तास, कुणी पंधरा. एक जण तर संध्याकाळी सातलाच जेवून पाणी पिऊन झोपलेला, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलं. आणि सुट्टी होऊन घरी निघालेल्या पेशंटला मी हळूच विचारायचे, “खरं सांगा, मधे पाणी प्यालात का? आता काही होत नाही.” बरेच जण नाही म्हणाले. काही जण नुसतं हसले. हर्नियाचा एक गडी पिशवी खांद्याला लावत म्हणाला, “सिस्टर, तुमी तांब्या नेला. नळ थोडी नेला!”

तो बाथरूममध्ये जाऊन पोटभर प्यायला होता. ऑपरेशनआधी मी विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर नाही म्हणाला होता, आणि मी तसंच कागदावर लिहून खाली सही केली होती.

पुढच्या मंगळवारी वही सरांपुढे ठेवून मी हे सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ ते वही चाळत राहिले. “म्हणजे आपल्याला वाटतं ते उपाशी आहेत, आणि कोण काय पिऊन येतं ते आपल्याला ठाऊकच नाही.”

“खरं सांगितलं तर ऑपरेशन रद्द होईल, असं वाटतं सर त्यांना.”

“होतंच ना रद्द.” त्यांनी वही मिटली. “ठीक आहे. करून बघू. पण माझ्या अटी आहेत.”

यादीचा क्रम आदल्या दिवशी संध्याकाळी सर्जनसोबत बसून पक्का करायचा. ज्यांच्या नावापुढे सर टिकमार्क करतील त्यांनाच पाणी द्यायचं. ते मी किंवा ड्युटीवरच्या सिस्टरनं स्वतःच्या हातानं द्यायचं, एक स्टीलचा ग्लास, वेळ लिहायची. फक्त पाणी. सर्जननी थोडी कुरकुर केली, पण क्रम लावून दिला. त्यांचीही सकाळची धावपळ वाचणार होती.

पहिली पेशंट सानगडीकडची, शिवणकाम करणारी एक बाई. बेंबीपाशी हर्निया. यादीत तिचा नंबर दुसरा, वेळ साधारण अकराची. मी साडेआठला ग्लास घेऊन गेले. ग्लास पाहताच तिचा चेहरा पडला.

“काहून सिस्टर? माह्यं ऑपरेशन नाई होत काय आज?”

“होतंय ना. म्हणूनच पाणी देऊन राहिली.”

“ऑपरेशनच्या आधी कोन पानी देते?” तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, रद्द झालं आणि मी तिला नीट सांगत नाही. शेवटी तिच्या खाटेवर बसून मला सगळं समजावून सांगावं लागलं. तेव्हा कुठे तिनं ग्लास घेतला. घोट घोट प्यायली, पण नजर माझ्या तोंडावर.

तिला काय सांगू की मीच घाबरले होते. कागदावर वाचणं वेगळं आणि वीस वर्षांची सवय मोडून पेशंटच्या हातात ग्लास देणं वेगळं. तिला आत नेलं तेव्हा मी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी उभी राहिले. माझं तिथे काही काम नव्हतं. वॉर्डात दोन सलाईन लावायच्या होत्या, त्या मी दुसरीला सांगितल्या. मनात एकच गोष्ट. तिला ओकारी आली तर? अभ्यासात जे नीट मोजलंच गेलं नव्हतं, ते नेमकं आज आमच्याच रुग्णालयात घडलं तर? तो पाऊण तास कसा गेला ते मलाच माहीत.

दार उघडलं. भूलवाले सर बाहेर आले, मास्क खाली केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सिस्टर, चहा सांगा.”

एवढंच बोलले. मी भिंतीला टेकून तिथेच बाकावर बसले. हसू येत होतं. मागून स्ट्रेचर आलं. बाई जागीच होती, कमरेखाली भूल दिलेली. मला पाहून म्हणाली, “झालं म्हनते?” मी म्हटलं, “झालं.”

त्यानंतर दर मंगळवारी-शुक्रवारी ग्लास फिरू लागले. सगळ्यांना नाही. सर टिकमार्क करत नसत तिथे मी वाद घालत नसे. सुरुवातीला दोन-तीनदा क्रम बिघडला, एकदा तर पाणी दिलेल्या पेशंटला लवकर घ्यायची वेळ आली आणि सरांनी सरळ तासभर थांबवलं, सर्जन घड्याळाकडे पाहत बसले. पण सकाळचा वॉर्ड बदलला. पूर्वी ऑपरेशनच्या दिवशी सगळे पेशंट भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे आणि नातेवाईक आमच्याकडे चोरासारखे बघायचे. आता लोक बोलायला लागले.

दिवाळीनंतरची गोष्ट. चाळिशीतला एक शेतकरी हर्नियासाठी भरती होता. धान कापणी आटोपून आला होता. सकाळी मी त्याच्याकडे ग्लास घेऊन गेले तर त्यानं हात पुढे केला नाही. बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सिस्टर, एक सांगू काय? रागावनार नाई ना?”

“सांगा.”

“सकारी डबा आला घरून. वरन-भात खाल्ला मी. भूक लागली होती जोराची.”

“किती वाजता?”

“सहा वाजले असन. पोटभर खाल्ला.”

त्याची बायको मान खाली घालून बसली होती. मी तशीच सरांना फोन लावायला गेले. ते वाटेतच होते. आल्यावर आधी त्याच्याकडेच गेले, खाटेपाशी स्टूल ओढून बसले. मला वाटलं, आता झापतील.

“बरं केलं सांगितलं,” सर म्हणाले. “काहून सांगितलं?”

तो गोंधळला. “म्हनजे... ह्या सिस्टर सोता पानी देऊन राहिल्या. मंग मनलं, लपवाचं कायले?”

सहा तास भरेपर्यंत त्या दिवशीची यादी संपणार होती, म्हणून त्याचं ऑपरेशन शुक्रवारवर ढकललं. सर उठून ड्युटीरूममध्ये आले आणि खुर्चीत बसून राहिले. मग आपणहोऊन सांगू लागले. शिकत असताना त्यांच्यासमोर असाच एक पेशंट आला होता. नाश्ता करून आलेला, विचारलं तर नाही म्हणाला. भूल देताच सगळं वर आलं, फुफ्फुसात गेलं. तो वाचला नाही. तेव्हापासून त्यांना ‘बारानंतर काही नाही’ हाच नियम बरा वाटत होता, कारण तेवढ्यानं आपण सुरक्षित आहोत असं वाटायचं.

“आज याला मी विचारलं असतं आणि हा नाही म्हणाला असता,” ते म्हणाले, “तर मी घेतलंच असतं ना आत?”

त्यांनी मोठा श्वास सोडला आणि चष्मा काढून डोळे चोळले. खिडकीबाहेर त्या शेतकऱ्याची बायको नळावर डबा घासत होती. तिला काय टळलं याचा पत्ताही नव्हता, आणि ते बरंच होतं.

शुक्रवारी त्याचं ऑपरेशन झालं, अगदी सरळ. चौथ्या दिवशी सुट्टी. निघताना सुट्टीचा कागद हातात घेऊन त्यानं विचारलं, “सिस्टर, धानाचे भरलेले कट्टे कवा उचलता येतीन?”

माझ्या ओठावर उत्तर तयार होतं. तीन महिने काही उचलायचं नाही. हेही मला पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेतलेलं, आणि शेकडो लोकांना मी ते सांगितलं असेन. त्यातल्या कितींनी तीन महिने काम बंद ठेवलं असेल, आणि तोवर घर कुणाच्या जिवावर चाललं असेल, कोण जाणे.

“मला नक्की माहीत नाही,” मी म्हटलं.

तो बघतच राहिला. सिस्टरला माहीत नाही, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. मीही ते पहिल्यांदाच म्हटलं होतं. वाटलं होतं की जड जाईल, पण अंगावरून ओझं उतरावं तसं हलकं वाटलं.

“आजपासून आठ दिवसांनी टाके दाखवायला यायचंय ना तुम्हाला? तोवर जड काही उचलू नका. मी सर्जनना विचारते, वाचते, आणि मग सांगते.”

“चालते,” तो म्हणाला. बायकोनं पिशवी उचलली, त्यानं डबा घेतला आणि दोघं हळूहळू स्टॅंडकडे निघाले. मी आत येऊन वही उघडली आणि नव्या पानावर त्याचा प्रश्न लिहिला.